उपनगरातील भूखंड आणि वस्तीची सुरक्षितता

आयुष्यभर काटकसर करून जमविलेल्या पुंजीतून स्वतःच्या मालकीची चार हात जागा घ्यावी, अशी मध्यमवर्गीय माणसाची आस असते. मुंबई-पुण्यातील जागांचे भाव आवाक्याबाहेर गेल्याने अनेक कुटुंबे बदलापूर, वांगणी, वसई, विरार, चाकण यांसारख्या गावांकडे वळली. भूखंड पाहावयास गेलेले कुटुंब दराइतक्याच काळजीने आणखी एक प्रश्न विचारते : "वस्ती कशी आहे? लेकीबाळींना रात्री-अपरात्री येता-जाता येईल ना?" प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर दिले जाते.

लौकिक आणि वस्तुस्थिती

एखाद्या गावाला एकदा नाव पडले की ते सहजासहजी पुसले जात नाही. भिवंडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७० आणि १९८४ मध्ये तेथे भीषण दंगली झाल्या. पुढे १९८८ पासून पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य नागरिक आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई होरपळत असताना भिवंडी शांत राहिली. केवळ जुन्या लौकिकावरून गावाची पारख करणाऱ्याला हा बदल दिसलाच नसता. लौकिक भूतकाळातून घडतो. सुरक्षितता मात्र शेजाऱ्यांच्या आजच्या संबंधांवर अवलंबून असते.

निर्जन रस्ता, बंद पडलेले दिवे, वाढलेली झुडपे यांमुळे मनात भय उत्पन्न होते. ते खोटे नसते. मात्र भय आणि प्रत्यक्ष गुन्ह्यांचे प्रमाण नेहमीच जुळते असे नाही. याउलट उंच कुंपण आणि फाटकावरील पहारेकरी पाहून मन निश्चिंत होते; पण त्या कुंपणाआतील जमिनीचे कागद निर्दोष आहेत की नाहीत, हे पहारेकरी सांगू शकत नाही.

खात्री कशी करावी?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार, संवेदनशील स्वरूपाचे गुन्हे वगळता, प्राथमिक माहिती अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केले जातात. ते वाचताना तारतम्य हवे. लोकवस्ती दाट असेल किंवा स्त्रिया निर्भयपणे तक्रार नोंदवीत असतील, तर नोंदींचा आकडा मोठा दिसतो. जागा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, हेही विचारावे. मीरा-भाईंदर व वसई-विरारसाठी २०२० मध्ये स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यानंतर तेथील व्यवस्था बदलली. संकटकाळी ११२ हा क्रमांक राज्यभर उपलब्ध आहे.

जागा एकदाच, रविवारच्या उन्हात पाहून परतू नये. सायंकाळी गाडीतून उतरून स्थानकापासून भूखंडापर्यंत पायी चालून पाहावे. किराणा दुकानदार, दूधवाला आणि तेथे राहणाऱ्या स्त्रिया यांच्याशी बोलावे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा त्यांचे अनुभव अधिक विश्वसनीय असतात.

पाण्याचे भय

पावसाळ्यात येणाऱ्या संकटाकडे मात्र आपले सहसा दुर्लक्ष होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. उन्हाळ्यात सपाट व कोरडी दिसणारी जमीन नदीचे पात्र असू शकते. म्हणून जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा पाहणे अगत्याचे आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा होय. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र बांधकामास निषिद्ध मानले जाते.

अंधाराचे मूळ कागदात

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे गुंठे पाडून ते स्वस्तात विकले जातात. अनेकांची नावे एकाच सातबारावर चढतात. कोणाचा तुकडा कोठे, हे मात्र कोठेच ठरलेले नसते. अशा वसाहतीच्या मंजूर रेखांकनाचा पत्ता नसतो. परिणामी रस्त्यासाठी जागा राहत नाही, गटारे व दिवे रखडतात आणि हद्दीवरून शेजाऱ्यांत वैर येते. ज्या अंधाराचे भय वाटते, त्याचे मूळ पुष्कळदा असे कागदातच असते.

यास्तव पुढील गोष्टी तपासाव्यात. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. म्हणून जुने फेरफार आणि नोंदणीकृत दस्तही पाहावेत. भोगवटादार वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून घेऊ नये. शेतजमीन बिगरशेतकऱ्याने घेण्यावर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने निर्बंध आहेत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात २०२५ मध्ये नागरी क्षेत्रांपुरती शिथिलता आली असली, तरी आपला भूखंड तीत बसतो काय, याची खातरजमा करावी. विकास योजनेत जमीन कोणत्या विभागात दर्शविली आहे, याचा दाखला घ्यावा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठाहून अधिक भूखंड पाडून विकणाऱ्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक आहे. अखेरीस भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात.

ही सर्व चौकशी केल्यानंतरही एक काम उरते आणि ते खरेदीदाराने घर बांधल्यावर करावयाचे असते. शेजाऱ्याची ओळख ठेवणे, बंद दिव्याची तक्रार नेटाने करणे, रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीकडे वस्तीने आपलेपणाने लक्ष ठेवणे, यांतूनच वस्ती सुरक्षित होते. भूखंड पैशाने मिळतो; शेजार मात्र सर्वांनी मिळून घडवावा लागतो.