दिवस गेले की अंगात काय काय बदलतं?



शहापूर-मुरबाडकडे गटाच्या बैठकीला आम्ही बसलो की एक वाक्य हमखास कानावर येतं : "आम्ही नाही का पोटुशी असताना शेतात राबलो?" असं म्हणणारी सासू खोटं बोलत नाही, आणि ऐकून गप्प बसणारी सूनही आळशी नसते. पोट दिसायला लागतं चौथ्या-पाचव्या महिन्यात. अंग मात्र पाळी चुकते त्याच सुमाराला बदलायला लागलेलं असतं. मळमळ, झोप, थकवा पहिल्या तीन महिन्यांत जास्त, आणि नेमकं तेव्हाच घरातल्यांना डोळ्यांनी काही दिसत नाही.

आधी पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं बघू. एरवी ती मुठीएवढी असते, वजन 60-70 ग्रॅम. दिवस भरेपर्यंत बाळ, पाणी, वार सगळं सोडून नुसत्या पिशवीचंच वजन किलोभर होतं. तिसरा महिना संपताना ती ओटीपोटाच्या हाडाच्या वर येते, पाचव्यात बेंबीपाशी आणि नववा लागताना बरगड्यांखाली. नर्सताई पोटावर हात ठेवून महिने सांगतात त्या यावरूनच. सुरुवातीला आणि शेवटी ही पिशवी लघवीच्या पिशवीवर दाब देते, म्हणून सारखं जावं लागतं. वीटभट्टीवर आडोसा नाही, कसारा लोकलमध्ये दीड-दोन तास सोय नाही, म्हणून बाया पाणी पिणंच सोडतात. हे करू नका. कमी पाण्यानं लघवीला जळजळ होते, जंतू वाढतात, आणि ते वर चढले तर दिवस भरायच्या आधीच कळा येऊ शकतात.

आता रक्ताचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं आहेत. गरोदरपणात अंगातलं रक्त साधारण दीडपट होतं. पण त्यातलं पाणी जास्त वाढतं आणि लाल पेशी त्या मानानं कमी. आमटीत पाणी घातलं आणि मीठ-मसाला थोडाच वाढवला तर ती फिकी लागते, तसंच हे. म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतं आणि 11 पर्यंत ते चालतं. 11 च्या खाली गेलं तर पंडुरोग म्हणायचा, आणि 7 च्या खाली गेलं तर घरी बसायचंच नाही, दवाखाना गाठायचा.

शरीर इतकं रक्त वाढवतं ते कशाला? एक तर वारेतून बाळाला पोसायला. दुसरं म्हणजे बाळंत होताना अर्धा लीटरपर्यंत रक्त जाऊ शकतं, त्याची ही तजवीज. जिच्याकडे मुळातच कमी आहे तिला तेवढंही जाणं झेपत नाही. आपल्या देशात बाळंतपणात बाया दगावतात त्याच्या मोठ्या कारणांत हा रक्तस्राव आहे.

म्हणून चौथ्या महिन्यापासून 180 दिवस लोहाची गोळी रोज. शौचाला काळं होतं ते गोळीमुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीनं बाळ काळं होतं हे मात्र साफ खोटं. चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत ती घेऊ नका, अंगी लागत नाही. शेवगा, नाचणी, सुकट, जवळा हे आपल्याकडचंच खाणं, वर लिंबू पिळा. आणि माती खाण्याचे डोहाळे लागले तर हसण्यावारी नेऊ नका, बहुतेक वेळा ती रक्त कमी असल्याची खूण असते.

वाढलेलं रक्त फिरवायला हृदय मिनिटाला 10-20 ठोके जास्त घेतं. शेवटी पिशवी वर सरकते आणि श्वास अपुरा वाटतो. सांधे बांधून ठेवणाऱ्या शिरा सैल होतात, बाळाला वाट मिळावी म्हणून. पण त्यामुळेच लावणीला वाकलं किंवा डोक्यावर हंडा घेतला की कंबर धरते. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपू नका, डाव्या कुशीवर बरं. लोकलनं कामाला जाणाऱ्या बायकांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. तिथं संकोच कसला?

आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींची गोष्ट इथं आठवते. 14 व्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे 1886 साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषय घेतला तो हिंदू लोकांतल्या प्रसूतिशास्त्राचा. 14 व्या वर्षी मुलीचं स्वतःचं अंगच वाढत असतं, एकाच ताटात दोघं जेवतात आणि दोघंही अर्धपोटी उठतात. अजूनही आपल्या पाड्यांवर अशी लग्नं होतात. गटानं हे बोललं पाहिजे.

संध्याकाळी पावलं थोडी सुजली तर सहसा काळजी नसते, पाय उंचावर ठेवा. पण तोंड आणि हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तदाब वाढलेला असू शकतो, त्यातून झटकेही येतात. तेव्हा, किंवा अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात नेणारी आणि परत घरी सोडणारी 102 ची गाडी फुकट आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना मोफत तपासतात. कार्ड न्यायला विसरू नका.

बाळंत झाल्यावर पिशवी एका रात्रीत आवरत नाही. मूळ आकाराला यायला तिला सहा आठवडे लागतात. जुन्या बायकांनी सव्वा महिना सांगितला तो याच्या फार लांब नाही. बाळ पाजताना ओटीपोटात कळ येते ती पिशवी आकसते म्हणून. पाजत राहा, आणि लोहाची गोळी आणखी 180 दिवस चालू ठेवा.