एक्सप्लेनर : बारावीनंतर डी. फार्म करायचंय? फी भरण्याआधी या गोष्टी तपासा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनारपट्टीवर बारावी सायन्सनंतर लवकर नोकरी देणारा कोर्स म्हणून अनेक जण फार्मसीकडे पाहतात. मोबाइलवर ‘फार्मसी टेक्निशियन’, ‘फार्मसी असिस्टंट’ अशा कोर्सच्या जाहिरातीही दिसतात. पण नाव सारखं वाटलं तरी प्रत्येक सर्टिफिकेटवर मेडिकल स्टोअर चालवता येत नाही. नेमका फरक काय?

टेक्निशियन आणि फार्मासिस्ट एकच का?

नाही. अमेरिकेत टेक्निशियन हा फार्मासिस्टच्या देखरेखीखाली काम करणारा मदतनीस असतो. आपल्याकडे फार्मसी अॅक्ट, १९४८ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. त्यासाठीची किमान पात्रता म्हणजे डी. फार्म. अल्पमुदतीच्या असिस्टंट कोर्सवर काउंटरमागे मदतनीस म्हणून काम मिळू शकतं, पण फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.

प्रवेश कसा मिळतो?

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा मॅथ्स हवं. राज्यात प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत बारावीच्या गुणांवर होतात. बी. फार्मसारखी सीईटी लागत नाही. जिल्ह्यातली फार्मसी कॉलेजं प्रामुख्याने पनवेल-कर्जत पट्ट्यात आहेत. त्यामुळे श्रीवर्धन-म्हसळ्याच्या विद्यार्थ्यांनी फीसोबत हॉस्टेल आणि प्रवासाचा खर्चही धरायला हवा.

दोन वर्षांत काय शिकवतात?

पहिल्या वर्षी औषधनिर्माणशास्त्र, औषधी रसायनशास्त्र, शरीररचना असे विषय, तर दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी, हॉस्पिटल फार्मसी आणि औषधविषयक कायदे. त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण.

मग लगेच नोंदणी?

इथेच अनेकांची गफलत होते. २०२२ च्या नियमांनी डी. फार्मनंतर एक्झिट एक्झाम आणली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती पहिल्यांदा झाली. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. त्यानंतर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी.

नोकरी कुठे?

मेडिकल स्टोअर, खासगी हॉस्पिटल किंवा सरकारी आरोग्य केंद्र. जिल्हा परिषदेत या पदाला ‘औषध निर्माण अधिकारी’ म्हणतात. साठा, एक्स्पायरी, थंड ठेवायची औषधं हे सगळं त्याच्याकडे. या कामाचं मोल रायगडला सांगावं लागत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले. असं औषध ऐन वेळी कपाटात असणं, ही फार्मासिस्टची जबाबदारी.

रोहा, महाड, पाताळगंगेच्या औषध कंपन्यांवर डोळा असेल, तर मात्र उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक पदांसाठी पदवी लागते. डी. फार्मनंतर बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

‘सर्टिफिकेट भाड्याने’ देण्यात काय धोका?

काही जण नोंदणी करतात आणि दरमहा ठरावीक रक्कम घेऊन दुकानदाराला फक्त नाव वापरू देतात. स्वतः दुकानात नसतात. भिंतीवर सर्टिफिकेट ज्याचं, चुकीचं औषध दिलं गेल्यास प्रश्नही त्यालाच विचारला जातो. नोंदणी रद्द होऊ शकते. राज्यात २०१२ च्या सुमारास एफडीए आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर मोहीम उघडली होती. नोंव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बिहारच्या एका प्रकरणात बजावलं, की नोंदणीकृत फार्मासिस्टविना दवाखाने चालवणं लोकांच्या आरोग्याशी खेळ ठरेल.

फी भरण्याआधी काय पाहाल?

• कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता यंदाच्या वर्षासाठी आहे का? कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधा, केवळ माहितीपत्रकावर विसंबू नका.
• परीक्षा कोणतं मंडळ घेतं? राज्यातल्या बहुतांश कॉलेजांत ती एमएसबीटीई घेते.
• ५०० तासांचं प्रशिक्षण कुठे मिळणार?
• ‘हजेरीची गरज नाही’ असं कुणी सांगत असेल, तर तिथे पैसे भरू नका. मान्यता नसलेल्या कॉलेजची दोन वर्षं नोंदणीच्या कामाला येत नाहीत.