विमान आणि पहारा : दार उघडतं तेव्हा

या आठवड्यात सामान तपासणाऱ्या यंत्रांवर लिहीन म्हटलं होतं. ती यंत्रं आता पुढच्या आठवड्यात. कंदाहारच्या विमान अपहरणावरचा या सदरातला भाग वाचून नाशिकच्या एका वाचक बाईंनी प्रश्नच असा पाठवलाय की तो बाजूला ठेववत नाही. त्या विचारतात, पायलट स्वच्छतागृहात जायला निघाला की हवाईसुंदरी खाण्याची ट्रॉली आडवी लावून उभी राहते. ही ट्रॉली अडवणार कोणाला?

बाई, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

२००१ पर्यंत कॉकपिटचं दार म्हणजे नावापुरता आडोसा. एक जोरदार लाथ बसली की खलास. ते मुद्दामच हलकं बनवत. अपघात झाला तर वैमानिकांना मोडून बाहेर पडता यावं, हे एक कारण. दुसरं हवेच्या दाबाचं. पस्तीस हजार फुटांवर कॉकपिटची काच फुटली, तर तिथला दाब क्षणात उतरतो आणि मागच्या केबिनमधली हवा सगळ्या जोरानिशी दारावर येते. दार घट्ट बसलेलं असेल तर शेजारची भिंत किंवा खालची जमीनच खचायची. शिवाय अपहरणकर्त्याला विमान कुठेतरी उतरवून मागण्या मांडायच्या असतात, तेव्हा झटापट करू नका, वेळ काढा, असंच वैमानिकांना शिकवलेलं असे. ११ सप्टेंबरच्या सकाळी चार विमानांत मारेकऱ्यांना याच शिकवणीचा फायदा मिळाला.

मग चक्रं फिरली. अमेरिकेने एप्रिल २००३ पर्यंत, आणि आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून, मोठ्या प्रवासी विमानांना गोळ्या आणि धडका सोसणारं दार सक्तीचं केलं. दाबाचाही बंदोबस्त झाला. दाब एकदम पडला की कुलूप आपोआप सुटतं किंवा दारातल्या झडपा उघडतात. आतले दोघेही बेशुद्ध पडले तर बाहेरून आणीबाणीचा कोड दाबता येतो, पण आतला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला तो नाकारता येतो. याच सोयीचा आधार घेऊन २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कॅप्टनला बाहेर ठेवलं आणि विमान आल्प्समध्ये आदळलं. १५० माणसं गेली. त्या दिवसावर एक स्वतंत्र भाग लिहायचा आहे.

पण दार कितीही भक्कम असलं तरी लांबच्या प्रवासात ते उघडावं लागतंच. जेवण आत जातं, पायलट बाहेर येतो. तेवढे काही सेकंद सगळी भिस्त ट्रॉलीवर आणि तिच्यामागे उभ्या मुलीवर. दाराने वैमानिकांना सुरक्षित केलं, ती मात्र दाराबाहेरच राहिली. कॉकपिटच्या रक्षणासाठी आपण तिलाच ढालीसारखं पुढे करतो आहोत, आणि हे मला मुळीच मान्य नाही.

न्यूयॉर्कच्या दक्षिण मनोऱ्यावर आदळलेल्या युनायटेड १७५ चे कॅप्टन व्हिक्टर सारासिनी. त्यांच्या पत्नी एलेन सारासिनी यांनी या उघड्या दारासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मागणी साधी होती. कॉकपिटच्या दाराअलीकडे, दार उघडण्यापूर्वी लावता येईल असं एक घडीचं फाटक हवं. २०१८ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला आणि जून २०२३ मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने नियम काढला. फाटकाने हल्लेखोराला किमान पाच सेकंद रोखलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. पाच सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण एवढ्या वेळात दार ओढून पुन्हा बंद करता येतं. ट्रॉलीला चाकं असतात. कोणी अंगावर धावून आला तर ती तितका वेळ जागेवर राहील याची खात्री नाही.

या नियमात एक मोठी फट आहे. तो फक्त नव्याने बांधल्या जाणाऱ्या विमानांना लागू आहे. आधीपासून उडणाऱ्या हजारो विमानांवर फाटकाची सक्ती नाही, आणि विमान पंचवीस-पंचवीस वर्षं सेवेत राहतं. नियम अमेरिकेचा असला तरी फाटक आपल्यालाही हवंच, आणि आपल्याकडे तर नव्या विमानांची रीघच लागणार आहे. एकट्या इंडिगोने जून २०२३ मध्ये एअरबसकडे ५०० विमानांची मागणी नोंदवली. कारखान्यातच फाटक बसवून घेणं सर्वांत सोपं असतं. नंतर बसवायचं तर विमान उभं ठेवावं लागतं, आणि उभं विमान कोणत्याच कंपनीला नको असतं. म्हणून मागणी नोंदवतानाच ते मागून घ्यावं, आणि जुन्या विमानांत ते मोठ्या दुरुस्तीच्या वेळी बसवावं. तेव्हा विमान तसंही हँगरमध्येच असतं.