तेल अधिक झाले तर



गेल्या चवथीला माझा भाचा मुंबईहून आपली दोन आसनांची, बुटकी, लाल रंगाची स्पोर्ट्स मोटार घेऊन पेडण्यास आमच्या घरी आला. पत्रादेवीचा नाका ओलांडून तो अंगणात पोहोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. इंजिन बंद करून मिनिटही लोटले नसेल तोच त्याने बॉनेट उघडले, तेल मोजण्याची पट्टी, म्हणजे ज्याला सारे डिपस्टिक म्हणतात ती, बाहेर ओढली आणि पाहतो तो तेल खालच्या खुणेशी येऊन टेकलेले! दिवसभराच्या पल्ल्यात तेल जळाले असणार, असे अनुमान करून त्याने सोबतच्या डब्यातले अर्धा लिटर तेल इंजिनात ओतले. सकाळी पुन्हा पट्टी पाहिली. तेल वरच्या खुणेच्या केसभर वर होते. "मामा, थोडे जास्त झाले आहे, पण कमी असण्यापेक्षा बरेच ना?" असे म्हणून तो डिचोलीला मावशीकडे निघण्याच्या तयारीस लागला. मी त्याला किल्ली फिरवू दिली नाही.

या त्याच्या प्रश्नाचे उत्तर आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. "कमी असण्यापेक्षा जास्त बरे" हा समज एकट्या माझ्या भाच्याचा नाही. डिचोली तालुक्यात खाणींचा धंदा भरात होता त्या काळी खनिजाच्या ट्रकांची रांग सारमानसच्या धक्क्यापर्यंत अखंड चाललेली असे. त्या जुन्या, झिजलेल्या इंजिनांना तेल खाण्याची खोड होती, आणि संध्याकाळपर्यंत ते पुरावे म्हणून सकाळी खुणेच्या वर भरणारे चालक मी पाहिले आहेत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदार उभे राहिले, पुढे काही खाणी पुन्हा सुरू झाल्या. पण ती सवय मात्र मधल्या काळातही हयात राहिली आणि ट्रकावरून मोटारीवर आली. तेल खाणाऱ्या मंद गतीच्या इंजिनात ती एक वेळ खपून जाई. स्पोर्ट्स मोटारीत ती खपत नाही. का, ते पाहू.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे पसरट भांडे असते. आपले मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या वर क्रँकशाफ्ट फिरत असतो. दट्ट्यांचे खालीवर होणे चक्राकार गतीत बदलणारा हाच तो वाकडातिकडा दांडा. चेंबरमधल्या तेलाची पातळी अशी ठरविलेली असते की क्रँकशाफ्टची वजने तेलाला शिवू नयेत. आता गतीचा विचार करा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० फेरे झाले. दट्ट्याची धाव ८६ मिलिमीटर धरली, तर क्रँकपिन एका फेऱ्यात सुमारे २७० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २७ मीटर अंतर कापते. ताशी हा वेग ९७ किलोमीटर होतो. या वेगाने फिरणारे पोलाद तेलात बुडू लागले म्हणजे काय होईल? घरात ताक घुसळताना जे होते तेच. तेलाला फेस येतो.

आणि फेस म्हणजे निम्मी हवा. तेलाचा पंप चेंबरच्या तळातून जे मिळेल ते ओढून बेअरिंगांकडे धाडीत असतो. तेल दाबले असता आकसत नाही, म्हणूनच त्याचा पातळ थर दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवू शकतो. हवा मात्र आकसते. फेसाळ तेल बेअरिंगांत गेले की तो थर तुटतो आणि धातूला धातू घासू लागतो. म्हणजे पाहा, चेंबर तेलाने ओसंडत असताना बेअरिंगे कोरडी पडू शकतात! जास्त तेलाचा सर्वांत मोठा धोका हा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तेल फेसाळू नये म्हणून त्यात सिलिकोनची अत्यल्प मात्रा घातलेली असते हे खरे. पण तिलाही मर्यादा आहे.

बाकीचे दुष्परिणाम मागाहून दिसतात. आतील वाफ आणि तेलाचे तुषार श्वासनळीवाटे हवेच्या मार्गात शिरून जळतात. मागून निळसर धूर येतो, प्लगांवर काजळी धरते. तेलातील फॉस्फरस धुरांड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे आयुष्य खातो, आणि तो बदलणे किती महाग पडते हे ज्याने एकदा बदलला त्यालाच विचारावे. सील पाझरू लागतात. डिझेल इंजिनात तर याहून भयंकर प्रकार संभवतो: आत ओढले गेलेले तेलच इंधन म्हणून जळू लागते आणि किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही. पिकअप गाड्या बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्पोर्ट्स मोटारीची अडचण दुहेरी आहे. ती बुटकी असल्यामुळे तिचे चेंबर बहुधा उथळ असते आणि क्रँकशाफ्ट व तेल यांतील अंतर थोडके. शिवाय ती वळणे वेगाने घेते. म्हापशाहून अस्नोड्यावरून डिचोलीस जाताना जी वळणे लागतात, त्यांवर तेल चेंबरच्या एका कडेला चढते. ते आधीच जास्त असेल तर तेथेच क्रँकशाफ्टला गाठते. काही जातिवंत गाड्यांत यावर तोड म्हणून तेल वेगळ्याच टाकीत ठेवतात. पोर्शेच्या जुन्या, हवेने थंड होणाऱ्या ९११ गाड्या या जातीच्या. त्यांचे तेल इंजिन तापलेले आणि चालू असतानाच मोजावयाचे असते. बंद इंजिनावर पट्टी पाहून तेल ओतणारा हमखास फसतो. म्हणून पहिला नियम असा की गाडीबरोबर आलेले पुस्तक आधी वाचावे. ते कप्प्यात तळाशी, बहुधा वेष्टनासकट पडलेले असते.

आता आमच्या अंगणाकडे वळू. भाच्याची चूक तेल ओतण्यात नव्हती, मोजण्यात होती. इंजिन नुकतेच बंद केले असता बरेचसे तेल वरच्या भागात, नळ्यांत आणि भिंतींना चिकटलेले असते. ते खाली उतरावयास पाच-दहा मिनिटे लागतात. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट आमच्या भूमीची. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत वरचा सडा सोडला तर सपाट जमीन शोधून काढावी लागते. घरे उतारावर, अंगणे पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतरती. विसास एक हा उतार डोळ्यांना जाणवतही नाही. पण पट्टीची जागा चेंबरच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर दूर असेल तर तेवढ्या उतारानेही पातळी साडेसात मिलिमीटरांनी चुकते. पुष्कळ मोटारींत दोन खुणांमधील अंतर म्हणजे अजमासे एक लिटर तेल. हे अंतर २० मिलिमीटर धरले, तर नुसत्या उताराने पावणेचारशे मिलिलिटरांचा फरक पडला! पेट्रोल पंपाची फरशी सपाट असते अशीही पुष्कळांची समजूत आहे. तीही पाण्यासाठी उतरतीच बांधलेली असते.

आम्ही गाडी न्यूट्रलमध्ये टाकून तिघांनी ढकलीत शेजारच्या देवळापुढील फरसबंद जागेवर नेली. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी माझ्याकडे होती. तिने चारही चाकांखालची पातळी ताडून पाहिली. पट्टी पुसली, पूर्ण आत घातली, काढली. पुन्हा तेच केले. दोन्ही वेळा तेल वरच्या खुणेच्या चांगले एक सेंटिमीटर वर. अंगणातल्या उताराने रात्री तेल कमी दाखविले आणि सकाळी जास्तीचे तेल लपविले होते.

एक-दोन मिलिमीटर वर असते तर मी त्याला जाऊ दिले असते. एवढ्याने सहसा बिघडत नाही. पण एक सेंटिमीटर म्हणजे सगळा अर्धा लिटर, आणि तो काढणे भाग होते. याचे दोन मार्ग आहेत. चेंबरच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे तेल सोडणे हा जुना मार्ग. पण त्यासाठी बुटक्या गाडीखाली शिरावे लागते, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे. शिवाय खालचे झाकण काढावे लागते, वायसर नवा घालावा लागतो, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर लावला की बसलेच म्हणून समजा. दुसरा मार्ग वरचा. पट्टीच्या नळीतून बारीक प्लॅस्टिकची नळी आत सोडावयाची आणि हातपंपाने तेल ओढून घ्यावयाचे. इंजिन कोमट असेल तर तेल लवकर येते. आमचे थंड होते आणि ते सुरू करावयाचे नव्हते, म्हणून वेळ लागला एवढेच.

येथे घाई नसावी. तेल मापाच्या भांड्यात घ्यावे म्हणजे किती काढले ते कळते. आम्ही प्रथम ३०० मिलिलिटर काढले, थांबलो, पाहिले. मग २०० काढले, तेव्हा पातळी वरच्या खुणेवर आली. आणखी १०० काढून ती किंचित खाली ठेवली. दोन खुणांच्या मध्ये कोठेही तेल असले तरी इंजिनाची तक्रार नसते, हे पुष्कळांना पटत नाही.

एक गोष्ट मात्र यापुढे लक्षात असावी. कोणी तेल ओतले नसताना पातळी आपोआप वाढली, तर ती तेलाची वाढ नव्हे. पट्टीचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर न जळलेले इंधन तेलात उतरते आहे. रोज दोन मैलांच्या फेऱ्या मारणाऱ्या, कधीच पुरत्या न तापणाऱ्या गाडीत हे घडू शकते. नव्या डिझेल गाड्यांत धुराची जाळी साफ करताना जादा डिझेल सोडले जाते, त्यानेही पातळी चढते. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी आहे. मग ते रेडिएटरचे असेल किंवा पुराचे. गाडी पाण्यातून काढली असेल तर किल्लीस हात लावू नये. या सर्व प्रसंगी थोडे तेल काढून पातळी बरोबर करणे म्हणजे ताप उतरला नाही म्हणून तापमापक फोडण्यासारखे आहे. कारण शोधून काढावे आणि सारे तेल बदलावे.

जास्त तेल घालून गाडी काही अंतर चालविलीच असेल, तर घाबरून जाऊ नये. ती थांबवावी, तेल निवू द्यावे, फेस बसू द्यावा, वरीलप्रमाणे पातळी आणावी. मग सुरू करून तेलाच्या दाबाचा दिवा लगेच विझतो का, वरच्या भागात टकटक ऐकू येते का, मागून धूर येतो का हे पाहावे. दिवा न विझला तर इंजिन तत्क्षणी बंद करून मिस्त्रीस बोलवावे.

काढलेल्या तेलाचे काय करावयाचे? ते स्वच्छ असेल तर झाकणाच्या बाटलीत भरून ठेवावे, पुढे उपयोगी पडते. काळे झालेले तेल मात्र अंगणाच्या कोपऱ्यात ओतू नये. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे. वर ओतलेले खाली झिरपते आणि खाली विहीर असते. तिळारीचा कालवाही याच दोन तालुक्यांतून जातो. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना काळे तेल फासण्याची आपल्याकडची रीत, तीही विहिरीच्या आसपास तरी सोडावी हे बरे. वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते आणि २०१६ च्या नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जावयास हवे. चांगली गॅरेजे ते पिंपात साठवून तसे देतात. आपली बाटली त्यांच्या पिंपात रिती करावी.

भाचा दुपारी डिचोलीस पोहोचला आणि तेथून त्याने मला दूरध्वनी केला. मावशीचे अंगण आमच्याहूनही उतरते आहे, तेव्हा येथे पट्टी पाहत नाही, असे म्हणाला. त्याचे ६०० मिलिलिटर तेल आमच्या पडवीत फळीवर आहे, बाटलीवर तारीख घालून.