हातांनीं शिकलेलें विज्ञान

शाळेंतील विज्ञानशिक्षणासंबंधीं बोलण्यापूर्वीं मला एक कबुली दिली पाहिजे. मी शिक्षक असतांना विज्ञानप्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं मुलांचीं उपकरणें स्वतःच दुरुस्त करून ठेवीत असें. बक्षिसें मिळत, परंतु पंपानें पाणी वर कां चढतें, असें परीक्षकांनीं विचारतांच मुलें माझ्या तोंडाकडे पाहात.

याउलट पुणें जिल्ह्यांतील पाबळचें उदाहरण घ्या. तेथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यांनीं आंखलेल्या अभ्यासक्रमांत माध्यमिक शाळेंतील मुलें आठवड्यांतून एक दिवस लोखंडकाम, विजेची जोडणी, मातीपरीक्षण अशीं कामें स्वतःच्या हातांनीं करतात; गांवाच्या उपयोगाच्या वस्तूहि बनवितात. मापांत चूक झाली, तर फाटक चौकटींत बसत नाहीं. मग भूमिति कशासाठीं शिकावयाची, हें मास्तरांनीं निराळें सांगावें लागत नाहीं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर घरीं ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ उमेदवारी करावी, असें सुचविलें आहे. बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांनाहि अशी संधि मिळावी, असा त्याचा आशय आहे.

मात्र एक पथ्य पाळलें पाहिजे. प्रश्न मुलानें निवडावा आणि चूकहि त्यानेंच शोधावी. शिक्षकानें जवळ उभें राहावें, परंतु हात पाठीमागें बांधून! मला तें साधलें नाहीं. आजच्या शिक्षकांना तें साधावें, एवढीच इच्छा.