शीत कोणी निवडायचे?

भात पिवळे पडू लागले की पेण-रोह्याकडे पैसेवारीची चर्चा सुरू होते. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आता त्याचे शंभर पैसे झाले. गाव पन्नास पैशांच्या खाली गेले तर टंचाईच्या सवलतींचा विचार होतो, वर राहिले तर विषय संपला. यातली पहिली पायरी नजरअंदाजाची. शेताच्या बांधावर उभे राहायचे, पीक पाहायचे आणि पैसे ठरवायचे. पाहणाऱ्यांची नजर अनेक हंगामांत तयार झालेली असते. तरीही महसुली नजरेला जिथे सत्तर पैसे दिसतात तिथे शेतकऱ्याला चाळीसच दिसतात, आणि दोघांपैकी कोणी खोटे बोलत असेलच असे नाही.

अनुभववाद म्हणजे ‘डोळ्यांनी पाहिले तेच खरे’ अशी ढोबळ समजूत असते. ती मानली तर बांधावरचे हे दोघेही पक्के अनुभववादी ठरतात आणि भांडण मिटायचा मार्गच उरत नाही. जॉन लॉकने 1690 च्या ग्रंथात सगळ्या ज्ञानाचे मूळ अनुभवात शोधले हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी, 1620 मध्ये, फ्रान्सिस बेकनने माणसाच्या मनात ठाण मांडून बसलेल्या ‘मूर्तीं’ची यादी केली होती. आपले स्वार्थ, सवयी, ऐकीव मते या त्या मूर्ती, आणि त्या नजरेत आधीच शिरलेल्या असतात. माझ्या मते अनुभववादाची खरी मेहनत इथे आहे. पाहणे सोपे आहे. पाहणाऱ्याच्या मोकळीकीला वेसण घालणे कठीण.

ती कशी घालतात हे, नजरअंदाजाऐवजी पीक प्रत्यक्ष कापून तोलणाऱ्या पीक कापणी प्रयोगात अगदी जवळून दिसते. गाव चिठ्ठी टाकल्यासारखे, यदृच्छेने निवडतात. गावातले शेतही तसेच. ‘हे शेत घ्या, रस्त्याला लागून आहे’ किंवा ‘ते नको, तिथे पाणी साचले होते’ असे म्हणायला वाव नाही. शेतात गेल्यावर कुठे कापायचे हेही कर्मचाऱ्याने ठरवायचे नसते. एक ठरावीक कोपरा धरायचा, यदृच्छ आकड्यांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, तितकी पावले लांबीच्या आणि तितकी रुंदीच्या बाजूने चालायचे, आणि जिथे पोचू तिथे खुंटी ठोकायची. समोर पीक आडवे पडलेले असले तरी तिथेच.

मग दोरी. चौकोनाची मापे पिकाप्रमाणे आणि राज्याप्रमाणे बदलतात. हिशेबाला सोपा म्हणून 5 बाय 5 मीटरचा धरू. चारही बाजू बरोबर असल्या तरी चौकोन तिरका होऊ शकतो, म्हणून कर्ण मोजायचा. तो 7.07 मीटर भरला म्हणजे कोन काटकोन आहेत. आतले भात कापायचे, झोडायचे, वारवून पोचट दाणे काढायचे, तोलायचे. ओल्या भाताचे वजन फसवे असते, म्हणून त्यातला थोडा भाग वाळवून पुन्हा तोलायचा आणि तूट काढायची. 25 चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा चारशेवा भाग. तेव्हा 10 किलो भरले तर हेक्टरी 40 क्विंटल. काट्यावर 200 ग्रॅम इकडेतिकडे झाले की हेक्टरी 80 किलोंचा फरक पडतो.

सगळ्यात अवघड जागा दोरीखाली आहे. दोरी ज्या चुडावरून जाते तो आत धरायचा की बाहेर? खाली बुंधा आत, वर लोंबी बाहेर झुकलेली. कापणाऱ्याचा हात नकळत ‘घ्या आत’ म्हणतो. 1940 च्या दशकात या एका गोष्टीवरून भारतीय संख्याशास्त्रात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबीस छोटे, वर्तुळाकार तुकडे कापण्याच्या बाजूचे होते, कारण ते झटपट होतात आणि पुष्कळ ठिकाणी घेता येतात. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लहान आणि मोठे तुकडे शेजारी-शेजारी कापून पाहिले, तर लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न पद्धतशीरपणे जास्त निघाले. 1946 मध्ये त्यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडले. कारण भूमितीतले आहे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे सुमारे 3.3 मीटर कड येते. आपल्या चौकोनात अवघी 0.8. जितकी कड जास्त, तितके ‘घ्या आत’ जास्त. शिकवून तयार केलेली माणसे असली तर ही चूक राहत नाही, असे महालनोबीसांच्या बाजूचे म्हणणे होते. मला सुखात्म्यांची बाजू पटते. माणूस प्रामाणिक राहील यावर विसंबण्यापेक्षा कड कमी करणे शहाणपणाचे.

इतके करूनही मूळ प्रश्न उरतोच. चार शेतांवरून तालुक्याबद्दल बोलायचा अधिकार कुठून आला? चार्वाकांनी अनुमानावर हाच आक्षेप घेतला होता: जिथे धूर तिथे अग्नी हे ‘सर्वत्र’ कोणी पाहिले आहे? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने तो वेगळ्या वाटेने मांडला, आणि त्याचे निर्विवाद उत्तर अजून कोणी दिलेले नाही. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ती जमते, कारण टोपातला भात एकाच आधणात सारखा शिजलेला असतो. तालुका तसा नसतो. पेणच्या खारेपाटात उधाणाने बांध फुटला तर खारे पाणी शिरलेल्या शेतात काही हाती लागत नाही, आणि थोड्या अंतरावरचे शेत पिकाने भरलेले असते. रोह्याकडे भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेला मिळते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते. त्या कालव्यांवर उन्हाळी भातही होते. म्हणून आधी सारख्या जमिनींचे गट पाडतात आणि प्रत्येक गटातून यदृच्छेने शेते घेतात. याने ह्यूमचे समाधान होणार नाही. मात्र आपली चूक किती मोठी असू शकेल हे गणिताने सांगता येते, आणि नजरअंदाजाला नेमके तेच कधी सांगता येत नाही.

हीच रीत माणसांना लावण्याचा मोठा उद्योग 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रूपाने सुरू झाला. कल्पना महालनोबीसांची. त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण बरेचसे रोह्यात गेलेले, आणि 1952 मध्ये ते कुलाब्यातूनच, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातूनच, लोकसभेवर निवडून आले. संस्कृतात रमणारा, ‘मेघदूता’चे मराठीकरण करणारा हा माणूस जवळपास दोन दशके भारतीय सांख्यिकी संस्थेचा अध्यक्ष होता, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते.

माणसांच्या बाबतीत एक अडचण नव्याने येते. भाताला काही विचारावे लागत नाही. घराला विचारावे लागते, आणि उत्तर प्रश्नाच्या घडणीवर ठरते. ‘गेल्या महिन्यात किती तांदूळ लागला?’ असे रोह्यातल्या एखाद्या घरी विचारले, तर घरच्या भाताचा कोणी हिशेब ठेवलेला नसतो, पाहुणे येऊन गेलेले विसरलेले असतात. ‘गेल्या सात दिवसांत?’ म्हटले की आठवण ताजी असते, पण आठवड्यापूर्वीची खरेदीही हळूच आत येते. दोरीवरचा चूडच हा, फक्त काळाच्या दोरीवरचा. 1990 च्या दशकात पाहणीने दोन्ही तऱ्हा वेगवेगळ्या घरांवर करून पाहिल्या. सात दिवसांच्या प्रश्नाला अन्नाचा खर्च इतका जास्त निघाला की कागदावरची गरिबी जवळपास निम्म्यावर येत होती. 1999-2000 च्या फेरीत तर दोन्ही प्रश्न एकाच घराला शेजारी-शेजारी विचारले गेले, तेव्हा एका उत्तराचा रंग दुसऱ्याला लागला, आणि त्या वर्षीच्या गरिबीच्या आकड्यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. 2022-23 च्या खर्च पाहणीत पुन्हा बदल झाला. एकाच भेटीत सगळे विचारण्याऐवजी कर्मचारी त्याच घरी तीन वेळा गेले, दर वेळी वेगळी प्रश्नावली घेऊन. त्यामुळे 2011-12 शी तिची तुलना करताना वाढलेला खर्च किती आणि बदललेली विचारण्याची तऱ्हा किती, हे आधी वेगळे काढावे लागते.