अंधूक ते क्षुल्लक नव्हे

आकाशदर्शन म्हणजे शनीची कडी आणि चंद्रावरची विवरे, असा पुष्कळांचा समज असतो. ठळक वस्तू कोणाच्याही नजरेत भरते. आज आम्ही अंधुकांविषयी बोलणार आहोत.

कन्या राशीच्या बाजूला हजाराहून अधिक दीर्घिकांचा समूह आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा स्वतंत्र संसार. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे. १७८१ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या शार्ल मेस्येने एका रात्रीत या भागातले आठ धूसर डाग वहीत टिपले. तो धूमकेतू शोधणारा; या डागांनी फसगत होऊ नये म्हणून त्याने त्यांची यादी केली. त्यांचे खरे रूप विसाव्या शतकात, हबलच्या संशोधनानंतर उमगले.

एप्रिलअखेर रात्री साडेदहा-अकराला हा समूह आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. सहा-आठ इंची आरशाची दुर्बीण आणि चांदणे नसलेली रात्र हवी. अर्धा तास अंधारात बसावे. नकाशा पाहण्यास लाल, मंद बत्ती वापरावी. उत्तरा फाल्गुनीचा तारा आणि कन्येतील एप्सिलॉन तारा यांच्या साधारण मध्यावर दुर्बीण रोखावी. कमी शक्तीच्या भिंगातून प्रथम दोन गोल डाग दिसतील. ते मेस्येच्या यादीतील ८४ आणि ८६. त्यांच्या आसपासचे फिकट डाग मात्र थेट पाहता हरवतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात. म्हणून नजर किंचित बाजूला ठेवावी. दुर्बिणीला हलकी टिचकी मारली की हलणारा डाग ध्यानात येतो. मग आधी चित्र काढावे, नंतर नकाशाशी ताडावे. नाव आधी वाचले की नसलेलेही दिसू लागते. हजेरीपटावर गैरहजराची सही जशी चालत नाही, तशी ही वही.

कोन येथील घरांची गिरणी कामगारांसाठी २०१६ साली सोडत निघाली. ज्यांनी तिसऱ्या पाळीत उमेद खर्चली, त्यांच्या वाट्याला रात्र आली, पण आकाश आले नाही. आता सवड आहे, तर पनवेल-मुंबईच्या दिव्यांचा उजेड वायव्येकडून चढतो आणि फिकट दीर्घिका पुसून टाकतो. दिवे विझवा, असे आम्ही म्हणत नाही. उशिरा घरी परतणाऱ्याला उजेड हवाच. दिव्यावर टोपी घाला, उजेड रस्त्यावर पाडा, एवढीच मागणी. कोट्यवधी वर्षे चालून आलेल्या प्रकाशाला शेवटच्या कोसावर अडवू नये.